चेरोकी राष्ट्राचे नैसर्गिक संसाधन खाते : जमीन हातून गेल्यानंतरचा जमिनीचा कारभार

रानवाटा (धागाकर्ता)

अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा १८३८-३९ सालच्या ‘अश्रूंच्या वाटे’पाशी येऊन थांबते. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना या भागांतून सुमारे १६,००० चेरोकी लोकांना लष्कराने हुसकावून पश्चिमेला नेले आणि त्यांतले सुमारे ४,००० छावण्यांत किंवा वाटेत दगावले, हे आपण वाचलेले असते. पण जे पोहोचले त्यांनी ६ सप्टेंबर १८३९ रोजी टालेक्वा (आजच्या ओक्लाहोमातील त्यांची राजधानी) येथे नवी राज्यघटना स्वीकारली, न्यायालये उभारली, शाळा काढल्या, आणि आजही ते राष्ट्र निवडणुका घेऊन स्वतःचे मंत्रिमंडळ नेमते, हा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्या मंत्रिमंडळातील एका खात्याविषयी, म्हणजे नैसर्गिक संसाधन सचिवांच्या कार्यालयाविषयी, हा धागा आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका द्यायला हवी. संघराज्याने मान्यता दिलेली चेरोकी सरकारे तीन आहेत. नॉर्थ कॅरोलिनातील ईस्टर्न बँड आणि टालेक्वाचाच युनायटेड कीटूवा बँड ही दोन वेगळी असून मी लिहितो आहे ते चेरोकी नेशन या तिसऱ्या व सर्वांत मोठ्या सरकारविषयी. त्याचे नागरिक साडेचार लाखांहून अधिक आहेत आणि त्याचे रिझर्व्हेशन, म्हणजे त्याच्यासाठी राखलेला भूप्रदेश, ओक्लाहोमा राज्याच्या ईशान्येकडील १४ काउंट्यांत, सुमारे ७,००० चौरस मैलांवर पसरलेले आहे. कारभार प्रिन्सिपल चीफ (निवडून आलेले राष्ट्रप्रमुख), १७ सदस्यांची कौन्सिल आणि स्वतंत्र न्यायव्यवस्था यांच्यात विभागलेला आहे. १९९९ साली तयार झालेली घटना मतदारांनी २००३ मध्ये मंजूर केली व ती २००६ पासून अमलात आहे. मंत्रिमंडळातील सचिवांची नेमणूक चीफ करतात आणि तिला कौन्सिलची मंजुरी लागते.

नैसर्गिक संसाधन खात्याच्या पहिल्या सचिव सेरा हिल होत्या. चीफ बिल जॉन बेकर यांनी त्यांना २०१५ मध्ये नेमले. २०१९ मध्ये चक हॉस्किन ज्युनियर चीफ झाले तेव्हा हिल यांना अ‍ॅटर्नी जनरल करण्यात आले आणि खाते चॅड हार्शा यांच्याकडे गेले. पुढे हिल टल्सा येथे संघराज्याच्या जिल्हा न्यायाधीश झाल्या, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरलची जागा पुन्हा हार्शा यांनीच भरली. वनस्पती, पाणी, वन्यप्राणी आणि प्रदूषण पाहणाऱ्या खात्याचे पहिले दोन्ही प्रमुख वकील असावेत आणि दोघांनीही त्याच क्रमाने राष्ट्राचे सर्वोच्च कायदेविषयक पद सांभाळावे, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. या खात्याचे मुख्य हत्यार कागद हेच आहे. दावा, करार, परवाना, मनाई हुकूम यांच्या बळावर ते चालते, आणि तसे का व्हावे लागले याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे.

ओक्लाहोमात आल्यावर चेरोकींची जमीन सामाईक मालकीची होती. १८९८ चा कर्टिस कायदा आणि १९०२ चा करार यांनी ती मोडली. सुमारे ४४ लाख एकर जमीन व्यक्तिगत तुकड्यांत वाटण्यात आली. प्रत्येकाला सरासरी प्रतीच्या ११० एकरांएवढ्या किमतीचा वाटा मिळाला. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य अस्तित्वात आले आणि १९०८ च्या कायद्याने बहुतेकांच्या वाट्यावरची विक्रीबंदी उठवली. मग कर थकल्याने, फसवणुकीने आणि न्यायालयांनी नेमलेल्या पालकांच्या लुबाडणुकीने बहुतेक जमीन एका पिढीत हातची गेली. चीफसुद्धा कित्येक दशके अमेरिकेचे अध्यक्ष नेमत असत, आणि नव्या काळातील पहिली निवडणूक थेट १९७१ मध्ये झाली.

एक गोष्ट मात्र वाटपातून सुटली, ती म्हणजे आर्कान्सा नदीचे पात्र. ते कोणाच्याच नावावर चढले नव्हते. राज्य सरकार ते आपले समजून वापरत राहिले आणि पात्रातल्या तेल-वायूचे, वाळू-खडीचे उत्पन्न घेत राहिले. १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते पात्र चेरोकी, चॉक्टॉ आणि चिकसॉ या राष्ट्रांचे आहे. २००२ च्या कायद्याने त्याची तडजोड ४ कोटी डॉलरला झाली व त्यातले निम्मे चेरोकींना मिळाले. या निकालाने टालेक्वात एक जाण रुजली असावी असे मी समजतो: मालकी गेली तरी हक्काचे काही धागे शिल्लक राहतात, ते शोधावे लागतात आणि न्यायालयात सिद्ध करावे लागतात.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका उदाहरणावरून पाहू. इलिनॉय आणि आर्कान्सा या नद्यांच्या संगमाजवळ गोर नावाचे छोटे गाव आहे. तेथे १९७० पासून सिकोया फ्युएल्स हा कारखाना चालत असे. खाणीतून आलेल्या ‘यलोकेक’ युरेनियमचे तेथे हेक्झाफ्लोराइडमध्ये रूपांतर होई. ४ जानेवारी १९८६ रोजी प्रमाणाबाहेर भरलेले एक सिलिंडर तापवले जात असताना फुटले, विषारी वायू बाहेर पडला आणि एक तरुण कामगार मरण पावला. त्याच्या आधीपासूनच स्थानिक रहिवासी जेसी डियर-इन-वॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कारखान्याविरुद्ध चळवळ उभी केली होती. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला, पण युरेनियमयुक्त गाळ, ज्याला ते ‘रॅफिनेट’ म्हणतात, तेथेच राहिला. २००४ मध्ये कंपनी, राज्य आणि चेरोकी नेशन यांच्यात करार झाला की हा गाळ शक्यतो बाहेर हलवायचा. बारा-तेरा वर्षांनी कंपनीने तो तिथेच पुरण्याचा इरादा जाहीर केला. तेव्हा खात्याने राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलबरोबर २०१७ मध्ये सिकोया काउंटीच्या न्यायालयात धाव घेतली व मनाई हुकूम मिळवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये गाळाचा शेवटचा ट्रक बाहेर पडला. एकूण सुमारे १०,००० टन गाळ हलवावा लागला.

कारखान्याची जमीन राष्ट्राच्या मालकीची नव्हती. तरीही सहीचा एक जुना करार हाती होता आणि तो अमलात आणणारे खाते आता होते. मला हे काम फार मोलाचे वाटते. आपणां सर्वांची मते वाचायला आवडतील, विशेषतः कायद्याच्या व शेतीच्या जाणकारांची.


टल्साकर

लेख मनापासून आवडला. मी टल्साच्या उत्तर भागात राहतो, म्हणजे कागदोपत्री चेरोकी रिझर्व्हेशनमध्येच. शहराचा दक्षिणेकडील बराचसा भाग मस्कोगी राष्ट्राच्या हद्दीत येतो. येथे नव्याने आलेल्या भारतीय मंडळींना हे वर्षानुवर्षे कळतही नाही, कारण रस्त्यावरून जाताना सीमा सहज लक्षात येत नाही. फार तर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर चेरोकी नेशनची मुद्रा दिसते.

इलिनॉय नदीविषयी थोडे सांगतो. उन्हाळ्यात टालेक्वाच्या वरच्या अंगाला लोक होड्या व रबरी तराफे घेऊन या नदीत उतरतात. पात्र उथळ आहे, तळाशी गुळगुळीत खडे आहेत, आणि वसंतात पाणी इतके नितळ असते की खड्यांमधले मासे दिसतात. ऑगस्टपर्यंत मात्र संथ डोहांच्या कडेला हिरवट शेवाळ धरलेले दिसते आणि दगडांवर पाय ठरत नाही. नदीच्या पाणलोटात, आर्कान्सा राज्यापासून इकडेपर्यंत, कोंबड्यांच्या लांबच लांब शेड आहेत. शेडमधला विष्ठामिश्रित भुसा खत म्हणून शेतांत पसरला जातो, त्यातला फॉस्फरस पावसाबरोबर नदीत येतो आणि पुढे टेनकिलर जलाशयात साठतो. याविषयी राज्याने मोठा खटला केला होता. त्यात चेरोकी नेशनची भूमिका काय होती, हे जाणकारांनी सांगावे.


न्यायरेषा

टल्साकर, आपण विचारलेला खटला या धाग्याच्या केंद्रस्थानी यायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

जून २००५ मध्ये ओक्लाहोमाचे अ‍ॅटर्नी जनरल ड्रू एडमंडसन यांनी टायसन फूड्ससह अनेक कुक्कुट कंपन्यांवर संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. त्यात नदीच्या नुकसानीची भरपाई मागितली होती. कंपन्यांनी एक बिनतोड हरकत घेतली. पाणलोटातील पाणी व इतर संपत्ती यांवर चेरोकी नेशनचा हक्क आहे, मग ते पक्षकार नसताना राज्य एकटे भरपाई कशी मागू शकते, असा त्यांचा सवाल होता. जुलै २००९ मध्ये न्यायाधीश ग्रेगरी फ्रिझेल यांनी ती हरकत मान्य केली आणि भरपाईची मागणी खटल्यातून वगळली. त्यानंतर, सुनावणी अगदी तोंडावर आली असताना, चेरोकी नेशनने पक्षकार होण्याचा अर्ज केला. तो उशिरा आला म्हणून फेटाळला गेला आणि २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही ते कायम केले. उरलेल्या मुद्द्यांवरचा निकाल राज्याच्या बाजूने लागला तो थेट जानेवारी २०२३ मध्ये.

या प्रकरणाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. राष्ट्राचा पाण्यावरचा हक्क इतका खरा मानला गेला की त्याच्यावाचून राज्याला भरपाई मागता येईना. पण तो हक्क वेळेवर बजावणारी, वर्षानुवर्षे फाइल हातात धरून बसणारी व्यवस्था त्यावेळी तोकडी पडली. मंत्रिमंडळाच्या दर्जाचे स्वतंत्र खाते यानंतर ५-६ वर्षांनी आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांतला कार्यकारणभाव मी ठामपणे सांगणार नाही, परंतु अशा खात्याची गरज या प्रकरणातून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कशातून होत नाही.

रानवाटा यांच्या एका मुद्द्याला मात्र माझा विरोध आहे. गोरचे यश त्यांनी खात्याच्या पदरात टाकले आहे. दावा राज्याच्या न्यायालयात चालला आणि राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल सहदावेदार होते. राज्य विरुद्ध बाजूला असते तर काय झाले असते? त्याचे उत्तर आपल्याला २०२० मध्ये मिळाले. ९ जुलै २०२० रोजी ‘मॅकगर्ट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मस्कोगी राष्ट्राचे रिझर्व्हेशन कधीच बरखास्त झाले नव्हते असा निकाल दिला, आणि ११ मार्च २०२१ रोजी ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने तेच तत्त्व चेरोकींना लागू केले. सर्वत्र जल्लोष झाला. पण पहिल्या निकालाला दोन आठवडेही झाले नव्हते तोच राज्यपाल केव्हिन स्टिट यांनी संघराज्याच्या पर्यावरण संस्थेला पत्र लिहून आदिवासी भूमीवरचे पर्यावरण नियमनही राज्याकडेच राहावे अशी मागणी केली. तिला आधार होता २००५ च्या एका रस्तेबांधणी कायद्यात सेनेटर जिम इनहोफ यांनी घुसवलेल्या कलमाचा. त्या कलमानुसार ओक्लाहोमाने असे मागितले तर ते द्यावेच लागते. १ ऑक्टोबर २०२० रोजी मागणी मंजूर झाली. म्हणजे हद्द मान्य झाली त्याच वर्षी त्या हद्दीतल्या हवा-पाण्याच्या नियमनाचा मोठा भाग राज्याच्या हाती राहिला. संसदेच्या एका कलमासरशी निष्प्रभ होणारा अधिकार हा उसना अधिकार आहे, असे माझे मत आहे.


रानवाटा

न्यायरेषा, आपण नदीचा खटला ज्या नेमकेपणाने मांडलात त्याबद्दल आभार. अधिकार उसना आहे हे मात्र मी पूर्णपणे मान्य करू शकत नाही. त्यासाठी शिकार-मासेमारीच्या कराराचे उदाहरण देतो. तेथे राज्य आधी मित्र होते, नंतर विरोधक झाले, आणि तरीही काम थांबले नाही.

अमेरिकेत वन्यजीव संवर्धनासाठी संघराज्याचा एक निधी आहे. बंदुका, दारूगोळा व मासेमारीच्या साहित्यावरील करातून तो जमतो आणि राज्यांना वाटला जातो. प्रत्येक राज्याचा वाटा त्याच्या क्षेत्रफळावर आणि परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. आदिवासी राष्ट्रांना या वाटपात जागा नाही. म्हणून २०१५ मध्ये चीफ बेकर आणि तत्कालीन राज्यपाल मेरी फॅलिन यांनी असा करार केला की चेरोकी नेशन आपल्या नागरिकांसाठी राज्याचे परवाने घाऊक प्रमाणावर, नाममात्र दराने घेईल आणि नागरिकांना ते मोफत देईल. राज्याच्या परवानाधारकांचा आकडा एकदम वाढला व त्यामुळे संघराज्याचा निधीही वाढला. राष्ट्राच्या दृष्टीने करारातली महत्त्वाची ओळ वेगळी होती. नागरिकांचा शिकारीचा व मासेमारीचा हक्क जुन्या तहांतून आलेला आहे, ही गोष्ट राज्याने त्या करारात मान्य केली होती.

राज्यपाल स्टिट यांनी करार वाढवला नाही आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो संपला. स्टिट स्वतः चेरोकी नेशनचे नोंदणीकृत नागरिक आहेत, हे येथे नमूद करायला हवे, कारण बाहेरून पाहताना ‘आदिवासी विरुद्ध इतर’ अशी सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो आणि ती रेषा येथे लागू पडत नाही. करार संपताच चेरोकी नेशनने स्वतःच्या शिकार-मासेमारी संहितेवर काम चालवले. आता नागरिकांना रिझर्व्हेशनमध्ये आपले नागरिकत्व ओळखपत्र बाळगून शिकार करता येते. स्वतःच्या राखीव वनभूमीही त्याच सुमारास जाहीर झाल्या. जुलै २०२४ मध्ये चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, मस्कोगी आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांनी एकमेकांचे परवाने मान्य करण्याचा करार केला. राज्याच्या वन्यजीव विभागाने आपला कायदा सर्वांनाच लागू आहे अशी भूमिका घेतली आहे, त्यामुळे वाद शिल्लक आहे. पण निधीची गणिते मांडणारे, संहिता लिहिणारे, शेजारच्या राष्ट्रांशी बोलणी करणारे खाते नसते तर करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शिकारीला निघालेला माणूस एकटा पडला असता.


बीजसंग्रह

शेतीच्या जाणकारांना हाक दिली आहे म्हणून लिहितो. याच खात्याच्या कक्षेत चेरोकी नेशनची बियाणे पेढी येते, आणि माझ्या दृष्टीने तेच या खात्याचे सर्वांत सुंदर काम आहे.

२००६ मध्ये ही पेढी सुरू झाली. तेथे जतन होणारी वाणे अशी आहेत, जी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि स्थलांतरातही बरोबर नेली. ‘ट्रेल ऑफ टियर्स’ (अश्रूंची वाट) नावाचा घेवडा असाच आहे: दाणा बारीक, काळाभोर, तुकतुकीत, आणि शेंग पिकू लागली की जांभळट होते. ‘व्हाइट ईगल’ मक्याच्या कणसात निळसर आणि पांढरे दाणे असतात. निळ्या दाण्यावर पांढऱ्या रंगाचा जो छाप उमटतो त्यात पंख पसरलेल्या गरुडाचा आकार दिसतो, म्हणून ते नाव पडले. त्यांचा तंबाखू बाजारी तंबाखूहून निराळा असून तो विधींसाठी वापरतात. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास नागरिकांची मागणी नोंदवली जाते आणि बियाण्यांच्या पुड्या मोफत पाठवल्या जातात.

ज्यांनी मका लावला आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. मक्याचे परागीभवन वाऱ्यावर होते. शेजारच्या शंभर एकरांवर कंपनीचा संकरित मका उभा असेल तर शुद्ध वाण राखणे हे कर्मकठीण काम आहे. त्यासाठी अंतर राखावे लागते किंवा पेरणीच्या तारखा मागेपुढे कराव्या लागतात. एका मळ्यात एका हंगामात मक्याचे एकच वाण घ्यावे लागते, त्यामुळे एखाद्या वाणाची पाळी चुकली आणि साठ्यातल्या बियाण्याची उगवण घटली तर ते वाण धोक्यात येते. दिसायला छोटा असलेला हा उद्योग पर्यावरण विभागाचे पॅट ग्विन यांच्यासारख्या जीवशास्त्र जाणणाऱ्या माणसांनी चिकाटीने चालवला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड येथील जागतिक बियाणे भांडारात चेरोकींची ९ वाणे जमा झाली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले आदिवासी राष्ट्र ठरले.

आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांसाठी जे केले त्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. पण टालेक्वात हे काम सरकारने अंगावर घेतले आहे. तेथे पेढीला खात्याचे अंदाजपत्रक आहे, मळा आहे, कर्मचारी आहेत. एका बाईच्या जिद्दीवर सगळा भार पडू नये असे ज्यांना वाटते त्यांनी ही व्यवस्था जरूर अभ्यासावी.

हाच विभाग अमेरिकी बायसनांचा कळपही पाहतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये साउथ डकोटा व नॉर्थ डकोटातील राष्ट्रीय उद्यानांतून ३८ बायसन आणून डेलावेअर काउंटीत सोडले. १९७० च्या दशकानंतर प्रथमच राष्ट्राकडे बायसन आले.


वैनगंगाकाठ

मी गडचिरोलीत सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे काम करतो, त्यामुळे मला एकच विचारायचे आहे. वनौषधी व रानभाज्या गोळा करण्याचा हक्क त्यांना कसा मिळतो? आमच्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि तरी स्वतःचा बांबू गावाबाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्यासाठी ग्रामसभेला २०११ पर्यंत झगडावे लागले. तेथे राष्ट्रीय उद्यानात असा प्रवेश आहे का?


रानवाटा

आहे, आणि तो अगदी अलीकडचा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने नियम बदलला व संघराज्याची मान्यता असलेल्या आदिवासी राष्ट्रांना परंपरागत कारणांसाठी उद्यानांतील वनस्पती गोळा करण्याचे करार करता येतील असे ठरवले. त्या नियमाखाली ईस्टर्न बँडने २०१९ मध्ये ग्रेट स्मोकी पर्वतांच्या उद्यानात ‘सोचान’ नावाची वसंतातली पालेभाजी खुडण्याचा करार केला. चेरोकी नेशनचा करार एप्रिल २०२२ मध्ये झाला. तो आर्कान्सातील बफेलो नॅशनल रिव्हर या उद्यानासाठी असून त्यात ७६ वनस्पतींची यादी आहे. १८२८ पूर्वी चेरोकींचा एक मोठा समूह आर्कान्सात राहत होता, म्हणून त्या खोऱ्याशी त्यांचा संबंध जुना आहे. ओक्लाहोमातल्या त्यांच्या स्वतःच्या टापूत यांतल्या काही वनस्पती आता सहज सापडत नाहीत.

या कामामागे ‘मेडिसिन कीपर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वडीलधाऱ्यांचा गट आहे. ही मंडळी चेरोकी भाषा बोलणारी, औषधी वनस्पती ओळखणारी आहेत, आणि खाते त्यांचा सल्ला घेते. त्यांच्या कामासाठी अडेर काउंटीत सुमारे १,००० एकर जंगल राखून ठेवण्यात आले आहे. वडीलधारी माणसे तरुणांना घेऊन रानात जातात आणि तेथेच, झाडापाशी उभे राहून, नाव, उपयोग आणि किती घ्यावे हे सांगतात. आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र मेंढा-लेखासारखाच आहे: जमीन उद्यान सेवेची राहते आणि हक्क करारापुरता राहतो. फरक एवढाच, की सही करताना समोर ग्रामसभा नसून एक सरकार बसलेले असते.


पूर्वाई

धागा फार चांगला चालला आहे, पण गोरच्या गाळाविषयी कोणीच न विचारलेला प्रश्न मी विचारते. तो १०,००० टन गाळ गेला कुठे?

तो युटा राज्यातील व्हाइट मेसा येथील युरेनियम प्रक्रिया कारखान्यात गेला. त्या कारखान्यापासून काही मैलांवर व्हाइट मेसा नावाचीच वस्ती आहे आणि ती यूट माउंटन यूट या दुसऱ्या आदिवासी राष्ट्राची आहे. आपल्या भूजलाच्या व हवेच्या काळजीने ते लोक त्या कारखान्याला अनेक वर्षांपासून विरोध करत आहेत, मोर्चे काढत आहेत. म्हणजे एका आदिवासी राष्ट्राच्या नदीकाठचा किरणोत्सारी गाळ दुसऱ्या आदिवासी राष्ट्राच्या दाराशी पोहोचला. ज्या दिवशी गोरमध्ये शेवटच्या ट्रकचा आनंद साजरा झाला त्या दिवशी व्हाइट मेसाच्या माणसांना काय वाटले असेल, हे मला फार लागते. चेरोकींनी गाळ नदीकाठीच ठेवायला हवा होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांच्याकडे अ‍ॅटर्नी जनरल आहे, खाते आहे, साडेचार लाख नागरिक आहेत त्यांनी आपले अंगण वाचवले आणि काही शे माणसांची वस्ती वाचवू शकली नाही, हे त्या यशाच्या वर्णनात यायला हवे.


रानवाटा

पूर्वाई, ही गोष्ट या धाग्यात यायलाच हवी होती आणि ती आपण आणलीत हे फार बरे झाले. युटाच्या कारखान्याची परवानगी राज्य देते आणि गाळातील उरलेले युरेनियम काढून घेण्याच्या नावाखाली तो स्वीकारला जातो, त्यामुळे त्याला कचऱ्याऐवजी कच्च्या मालाचा दर्जा मिळतो. चेरोकी नेशनसमोर जे पर्याय होते त्यांत निर्दोष असा एकही नव्हता. भूगर्भीय सुरक्षितता पाहता दोन नद्यांच्या संगमावर गाळ पुरणे सर्वांत घातक होते, हे मी आजही म्हणेन. पण गाळ कोणाच्या शेजारी जातो आहे याची चौकशी व त्या राष्ट्राशी आधी सल्लामसलत हा यापुढे अशा प्रत्येक कराराचा भाग असायला हवा. जुलै २०२४ मध्ये पाच राष्ट्रांना परवान्यांसाठी एकत्र येता आले, तर घातक कचऱ्यासाठी येणे अशक्य नाही. १९९२ पासून चेरोकी नेशनच्या पुढाकाराने आदिवासी राष्ट्रांची सामाईक पर्यावरण परिषद चालते आहे आणि ओक्लाहोमा व आसपासची अनेक आदिवासी राष्ट्रे तिच्यात आहेत. तेथे हा विषय मांडता येईल.


टल्साकर

पिण्याच्या पाण्याचा उल्लेख राहून गेला, म्हणून दोन वाक्ये लिहितो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अडेर काउंटीतल्या बेल या वस्तीत लोकांनी स्वतः खणून सुमारे १६ मैलांची नळवाहिनी टाकली. त्या कामाचे नेतृत्व विल्मा मॅनकिलर आणि चार्ली सोप यांनी केले, आणि पुढे १९८५ ते १९९५ मॅनकिलर चीफ होत्या. २०२१ मध्ये या दोघांच्या नावाने झालेल्या कायद्यानुसार पाणी नसलेल्या घरांसाठी दर वर्षी किमान २० लाख डॉलर राखून ठेवावे लागतात. इतक्या श्रीमंत देशात आजही अशी घरे आहेत, हे येथे राहून रोज जाणवते.


माहितीदार

एक छोटी शंका आहे. चीफ बदलले की हे खातेही बदलते का? तसे असेल तर नदीच्या खटल्यासारखी दीर्घकालीन कामे कशी तग धरतील?


न्यायरेषा

शंका योग्य आहे. घटनेने अ‍ॅटर्नी जनरल आणि मार्शल (पोलीसप्रमुख) या दोन पदांना ५ वर्षांची मुदत दिली आहे. चीफची मुदत ४ वर्षांची असल्याने ही दोन पदे निवडणुकीच्या तालावर हलत नाहीत. नैसर्गिक संसाधन सचिवपदाला असे संरक्षण नाही, ते चीफच्या विश्वासावर चालते. प्रत्यक्षात दीर्घ खटल्यांची सूत्रे अ‍ॅटर्नी जनरलकडे राहतात. हिल आणि हार्शा दोघेही एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेल्यामुळे फाइलींची स्मृतीही त्यांच्याबरोबर गेली. हे व्यक्तींमुळे साधले, तरतुदीमुळे नव्हे. पुढच्या घटनादुरुस्तीत या सचिवपदालाही निश्चित मुदत द्यावी असे मला वाटते. अधिकार उसना असण्याविषयीचे माझे मत मी बदललेले नाही, पण शिकार-मासेमारीच्या प्रकरणात राज्याने पाठ फिरवल्यावरही खाते उभे राहिले, हा रानवाटा यांचा मुद्दा मला मान्य आहे. आता राज्याचा वन्यजीव विभाग एखाद्या चेरोकी शिकाऱ्यावर प्रत्यक्ष कारवाई करील तेव्हा कोणत्या न्यायालयात, कोणत्या तहाच्या आधारे बचाव होतो, तिकडे माझे लक्ष राहील. त्याविषयी काही समजले तर याच धाग्यावर लिहीन.